पाऊल लुळे पडणे : घरी करावयाचे व्यायाम आणि चालण्याचा सराव

चालताना पाऊल पुढे नेत असता निरोगी माणसाचा चवडा जमिनीपासून जेमतेम एक ते दोन सेंटिमीटर उंचीवरून जातो. एवढीशी उंची राखण्याचे काम नडगीच्या पुढच्या व बाहेरच्या बाजूचे मोजके स्नायू करीत असतात. हे स्नायू दुर्बळ झाले, किंवा त्यांच्यापर्यंत मेंदूची आज्ञा नेणारा मज्जातंतू निकामी झाला, की घोट्यापासून पुढचे पाऊल खाली लोंबू लागते. अंगठा जमिनीला घासतो, उंबरठ्याला अडखळतो आणि सपाट फरशीवरही तोल जातो. या अवस्थेस वैद्यकीय परिभाषेत 'फूट ड्रॉप' असे म्हणतात. हा स्वतंत्र रोग नसून मेंदूपासून पायाच्या स्नायूंपर्यंतच्या मार्गावर कोठेतरी बिघाड झाल्याचे ते लक्षण होय.

बहुतेकांना हा दोष प्रथम पायातील चपलेमुळे कळतो. एकाच पायातील चप्पल पुढून लवकर झिजते, चालता चालता निसटून जाते, आणि पाऊल टेकताना 'फट' असा आवाज येतो. पाऊल घासू नये म्हणून रुग्ण गुडघा नेहमीपेक्षा उंच उचलू लागतो, जणू तो सपाट जमिनीवरही पायरी चढत आहे. पक्षाघात झालेल्या रुग्णाचा गुडघा मात्र सहजासहजी वाकत नाही. तो पाय बाहेरून अर्धवर्तुळात फिरवून पुढे आणतो. चालण्याच्या या दोन तऱ्हा पाहूनच बिघाड मज्जातंतूत आहे की मेंदूत, याचा पहिला अंदाज अनुभवी डॉक्टर बांधतात.

घरच्या व्यायामांविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. व्यायामाने किंवा मालिशीने मेलेली नस जिवंत होते, असे समजून रुग्ण जोराने व्यायाम करतात आणि महिन्याभरात फरक दिसला नाही की सोडून देतात. वस्तुतः इजा झालेला मज्जातंतू स्वतःच्या गतीने वाढतो. ही गती साधारणपणे दिवसाला एक मिलिमीटर, म्हणजे महिन्याला सुमारे एक इंच एवढी असते. व्यायामाने ती फारशी वाढत नाही. व्यायामाचे काम निराळे आहे. पाऊल उचलणारे स्नायू गप्प बसले तरी पोटरीचे बलवान स्नायू आपले खेचण्याचे काम चालूच ठेवतात. पाऊल सतत खाली झुकलेले राहिल्याने काही आठवड्यांतच पोटरी व टाचेमागची कंडरा आखडू लागते. सहा महिन्यांनी मज्जातंतू स्नायूपर्यंत पोहोचला, पण घोटा तोवर ताठर झालेला असेल, तर परत आलेली शक्ती वापरण्यास जागाच उरत नाही. मधल्या काळात घोटा मऊ ठेवणे, शिल्लक स्नायूंना कामात ठेवणे आणि पडण्यापासून बचाव करणे, हीच घरच्या व्यायामाची उद्दिष्टे होत.

कारणे

पाऊल उचलणाऱ्या स्नायूंना चेतना देणारा पेरोनियल नावाचा मज्जातंतू गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूस, थोडे खाली, जे लहानसे हाड हाताला लागते त्याला वळसा घालून पुढे येतो. येथे तो हाड आणि त्वचा यांच्यामध्ये जवळजवळ उघडाच असतो. त्यामुळे केवळ दाबानेही त्याला इजा पोहोचते. शेतात खुरपणी करताना तासन्‌तास उकिडवे बसणे, पायावर पाय टाकून बसण्याची सवय, गुडघ्याखाली घट्ट बसलेले प्लास्टर, शस्त्रक्रियेच्या वेळी किंवा दीर्घ आजारपणात एकाच कुशीवर पडून राहणे, ही त्याची नित्याची निमित्ते आहेत. वजन झपाट्याने घटल्यास या ठिकाणची चरबीची गादी नाहीशी होते आणि धोका वाढतो. पायांवर तासन्‌तास बसून योगसाधना करणाऱ्या एका साधकाचे पाऊल लुळे पडल्याची नोंद १९७१ मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात 'योगा फूट ड्रॉप' या नावाने झाली होती. अर्थात थोडा वेळ वज्रासन करणाऱ्यांनी धास्ती घेण्याचे कारण नाही. मुंग्या आल्यावरही हट्टाने बसून राहणे घातक ठरते. केवळ दाबामुळे आलेला लुळेपणा दाब दूर होताच काही आठवडे ते दोन-तीन महिन्यांत बहुधा भरून निघतो.

भारतात या मज्जातंतूचा आणखी एक जुना शत्रू आहे, तो म्हणजे कुष्ठरोग. डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर या रोगाचे प्रमाण दर १०,००० लोकसंख्येमागे एकाहून खाली आले, तरी नवे रुग्ण आजही आढळतात. त्वचेवरील फिकट किंवा लालसर बधिर चट्टा आणि लुळे पडलेले पाऊल एकत्र दिसल्यास तपासणीस विलंब करू नये. मज्जातंतूचा दाह ताजा असताना, म्हणजे सहा महिन्यांच्या आत, बहुविध औषधोपचारासोबत स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या तर गेलेली शक्ती परत येण्याची बरीच शक्यता असते. ही औषधे सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतात.

कमरेच्या चौथ्या व पाचव्या मणक्यांमधील चकती सरकून नस दबणे, गुडघ्याजवळचा अस्थिभंग, मधुमेह, पक्षाघात, मज्जारज्जूचे विकार, ही अन्य कारणे आहेत. लहान मुलांना कुल्ल्यावर चुकीच्या जागी दिलेल्या इंजेक्शनमुळेही पाऊल कायमचे लुळे पडू शकते. लहान बालकांना मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागात इंजेक्शन द्यावे असे बालरोगतज्ज्ञ सांगतात, ते याचसाठी. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे अनेक रुग्ण एकाच वेळी आढळले होते. या आजारातून उठलेल्या रुग्णांची पावलेही काही काळ दुर्बळ राहू शकतात.

व्यायामापूर्वी डॉक्टर

पाऊल अकस्मात लुळे पडले आणि त्यासोबत चेहरा वाकडा झाला, बोलणे अडखळू लागले किंवा हातही उचलेनासा झाला, तर तो पक्षाघात समजून रुग्णास तातडीने मोठ्या रुग्णालयात न्यावे. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. कंबरदुखीबरोबर लघवी किंवा शौचावरील ताबा सुटणे, जांघेचा आतला भाग बधिर होणे, दोन्ही पायांची शक्ती काही तासांत किंवा दिवसांत वर वर जाऊ लागणे, अथवा प्लास्टर घातलेल्या पायात असह्य ठणका लागून बोटे बधिर होणे, ही देखील आणीबाणीची लक्षणे आहेत. अशा वेळी घरी व्यायाम करून पाहण्यात घालवलेला दिवस महागात पडतो.

इतर रुग्णांनीही अस्थिरोगतज्ज्ञ किंवा मज्जाविकारतज्ज्ञ यांच्याकडून कारण निश्चित करून घ्यावे. मज्जातंतूंची विद्युत तपासणी इजेनंतर सुमारे तीन आठवड्यांनी केल्यास अधिक विश्वासार्ह माहिती देते, म्हणून ती पहिल्याच आठवड्यात झाली नाही याची खंत करू नये. नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या, अस्थिभंग सांधलेला नसलेल्या किंवा पोटरी सुजून दुखत असलेल्या रुग्णाने खालील व्यायाम डॉक्टरांना विचारल्याखेरीज करू नयेत. सुजलेल्या पोटरीत रक्ताची गुठळी असू शकते आणि ती चोळणे धोक्याचे असते.

पोटरीचा ताण

सर्व व्यायामांत हा व्यायाम पहिला आणि टाळता न येणारा आहे. स्नायूत शक्ती शून्य असली तरी तो करावयाचा असतो.

रुग्णाने सतरंजीवर किंवा पलंगावर पाय लांब करून, पाठ ताठ ठेवून बसावे. पंचा, टॉवेल किंवा सुती ओढणी चवड्याखालून घ्यावी, दोन्ही टोके हातांत धरून पाऊल सावकाश स्वतःकडे ओढावे. गुडघा सरळ राहिला पाहिजे. पोटरीत ओढ जाणवेल पण वेदना होणार नाही, इतक्या बेताने अर्धा मिनिट थांबावे आणि सोडावे. असे चार-पाच वेळा, दिवसातून दोन ते तीन वेळा करावे. त्यानंतर गुडघ्याखाली उशी ठेवून, तो किंचित वाकवून हाच व्यायाम पुन्हा करावा. पोटरीत एकावर एक असे दोन स्नायू आहेत. आतला स्नायू गुडघा वाकलेला असतानाच नीट ताणला जातो, आणि नेमका तोच बहुतेकांकडून राहून जातो. ओढताना पाऊल आतल्या बाजूस वळू लागल्यास बाहेरच्या हाताने थोडे अधिक ओढून तळवा समोर राखावा.

रुग्णाला स्वतःला जमत नसेल तर घरातील व्यक्तीने मदत करावी. येथे एक चूक फार घडते. केवळ बोटे किंवा चवडा धरून वर दाबला जातो. त्यामुळे पाऊल मधूनच वाकते, टाच मात्र जागची हलत नाही, आणि काही महिन्यांनी पावलाची कमान बिघडते. मदतनीसाने टाच स्वतःच्या तळहातात धरावी, हाताचा कोपरापर्यंतचा भाग रुग्णाच्या तळपायाला टेकवावा, टाच आपल्याकडे खेचावी आणि अंग पुढे झुकवून पाऊल हळूहळू वर ढकलावे. पक्षाघाताच्या रुग्णात ही हालचाल विशेष सावकाश करावी. झटका दिल्यास पोटरीचे स्नायू उलट अधिक कडक होतात, क्वचित पाऊल थडथड उडू लागते. तसे झाल्यास ढकलणे थांबवून पाऊल त्याच स्थितीत स्थिर धरावे, थोड्या वेळाने ते शांत होते.

उभे राहता येणाऱ्यांनी भिंतीला हात टेकून, दुर्बळ पाय मागे ठेवून, टाच न उचलता पुढे झुकावे. मागच्या पावलाची बोटे सरळ भिंतीकडे असावीत. ती बाहेर वळली की ताण पोटरीला न मिळता कमानीवर येतो.

झोपेतही पाऊल लोंबतच असते, हे विसरले जाते. चादर किंवा जड पांघरूण चवड्यावर खेचून खोवू नये. डॉक्टरांनी रात्रीची पट्टी दिली असेल तर ती व्यायामाइतकीच महत्त्वाची आहे, कारण दिवसभरातील काही मिनिटांच्या ताणापेक्षा रात्रीचे सात-आठ तास अधिक असतात.

शक्तीनुसार व्यायाम

फिजिओथेरपिस्ट स्नायूंची शक्ती शून्य ते पाच अशा श्रेणीत मोजतात. शून्य म्हणजे काहीच हालचाल नाही, एक म्हणजे स्नायूत नुसती थरथर, दोन म्हणजे वजनाचा अडसर नसताना हालचाल, तीन म्हणजे वजनाविरुद्ध हालचाल, चार म्हणजे थोड्या प्रतिकाराविरुद्ध आणि पाच म्हणजे पूर्ण शक्ती. आपली श्रेणी जाणून घेतल्याशिवाय व्यायाम निवडू नये. रबर बांधून ओढण्याचा व्यायाम श्रेणी एकच्या रुग्णाला दिला तर तो मांडी आणि कंबर हलवून नुसता व्यायामाचा आभास निर्माण करतो.

श्रेणी शून्य किंवा एक असताना हाताने किंवा पंचाने पाऊल वर आणावे आणि त्याच क्षणी रुग्णाने मनापासून 'पाऊल वर घे' असा प्रयत्न करावा. दृष्टी पावलावर असावी. नडगीच्या बाहेरच्या बाजूस बोटे ठेवल्यास स्नायूची पहिली थरथर डोळ्यांना दिसण्यापूर्वी बोटांना जाणवते. दहा प्रयत्नांनंतर विश्रांती घ्यावी. दुसऱ्या पायाचे पाऊल त्याच वेळी वर घेतल्यास लय पकडणे काहींना सोपे जाते.

श्रेणी दोनमध्ये रुग्णाने कुशीवर झोपावे. दुर्बळ पाय खालच्या बाजूस, गुडघा किंचित वाकलेला आणि पावलाची बाहेरची कड गुळगुळीत पाटावर टेकलेली असावी. पाटावर थोडी टाल्कम पावडर टाकली की घर्षण कमी होते आणि पाऊल पुढे-मागे सरकू लागते. पाऊल सरकवताना बोटेच तेवढी वर वळत असतील तर तो बोटांच्या स्नायूंचा उद्योग आहे. बोटे सैल ठेवून घोटा हलवण्याचा प्रयत्न करावा.

श्रेणी तीन आली की खुर्चीत बसून टाच जमिनीवर ठेवावी, चवडा वर उचलावा, मनात पाच अंक मोजून सावकाश खाली आणावा. खाली आणण्याची क्रिया उचलण्याइतकीच मोलाची आहे. चालताना पाऊल 'फट' करून आपटते, ते खाली येताना त्याला आवरणारी शक्ती नसल्यामुळेच. दहाच्या तीन फेऱ्या, मध्ये मिनिटभर विश्रांती, असा क्रम ठेवावा. टाच खुर्चीच्या जवळ आणली की तोच व्यायाम कठीण होतो, दूर नेली की सोपा.

श्रेणी चारच्या रुग्णाने सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून तिचे कडे करावे, ते पलंगाच्या पायाला अडकवावे, दुसरे टोक चवड्यावर घ्यावे आणि पाऊल स्वतःकडे ओढावे. बाजारातील रंगीत रबरी पट्ट्याही चालतात. त्यानंतर कडे दोन्ही चवड्यांभोवती घालून, टाचा जुळलेल्या ठेवून पावले बाहेरच्या बाजूस उघडावीत. पाऊल बाहेर वळवणारे स्नायूही याच मज्जातंतूवर अवलंबून असतात आणि ते दुर्बळ राहिल्यास घोटा वारंवार मुरगळतो.

पायाच्या बोटांनी गोट्या उचलणे किंवा टॉवेल गोळा करणे हे व्यायाम पुष्कळ ठिकाणी सुचवले जातात. पावलातील लहान स्नायूंसाठी ते चांगले असले तरी बोटे खाली वळवणाऱ्या स्नायूंना चेतना दुसरा मज्जातंतू देतो. पाऊल वर उचलण्याच्या कामी त्यांचा उपयोग थोडाच आहे. वेळ कमी असेल तर हेच प्रथम गाळावेत.

एका गोष्टीत मात्र तारतम्य हवे. मज्जातंतू नुकताच परतू लागलेला स्नायू लवकर थकतो. सकाळी दहा वेळा वर आलेले पाऊल सायंकाळी एकदाही येत नसेल, किंवा दुसऱ्या दिवशी शक्ती आदल्या दिवसाहून कमी भासत असेल, तर व्यायाम अधिक होत आहे असे समजावे. पूर्वी पोलिओ होऊन गेलेल्यांनी याची विशेष काळजी घ्यावी. याउलट पक्षाघाताच्या रुग्णात मेंदूला नवी वाट शोधायची असते, तेथे पुनरावृत्तींची संख्या मोठी असावी लागते.

मालिशीविषयीही दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. हलक्या हाताने तेल लावल्याने त्वचा मऊ राहते आणि रुग्णास बरे वाटते. गुडघ्याच्या बाहेरच्या हाडापाशी जोराने रगडणे मात्र दुखावलेल्या मज्जातंतूवर पुन्हा दाब देण्यासारखे आहे. बधिर पावलाला गरम विटेने किंवा गरम पाण्याच्या पिशवीने शेक दिल्याने भाजल्याच्या घटना घडतात. शेक द्यायचाच तर उष्णता आधी कोपराने अजमावावी.

कंबर, गुडघा आणि तोल

पाऊल उचलण्याची कसर कंबर आणि मांडी भरून काढत असतात, म्हणून त्यांनाही बळ देणे भाग आहे. पाठीवर झोपून, गुडघे उभे करून कंबर उचलणे, आणि हात न टेकता खुर्चीतून उठणे-बसणे, हे दोन व्यायाम बहुतेकांना पुरेसे होतात. तोल सुधारण्यासाठी स्वयंपाकघरातील ओट्याला धरून दुर्बळ पायावर उभे राहावे. प्रारंभी दहा सेकंद, पुढे अर्धा मिनिट, नंतर एकच हात टेकून. ओटा हा यासाठी घरातील उत्तम आधार असतो. तो हलत नाही आणि त्याची उंचीही योग्य असते. खुर्चीच्या पाठीला धरून हा व्यायाम करू नये, ती कलंडते.

चालण्याचा सराव

सराव भिंतीलगत, कोरड्या जागी, पुरेशा उजेडात करावा. पाऊल टेकताना प्रथम टाच, मग तळवा, शेवटी चवडा, हा क्रम सावकाश आणि मोजून आणावा. शक्ती नसेल तर गुडघा थोडा अधिक उचलून पाऊल सपाट टेकणे चालेल, मात्र ते आपटू नये. जमिनीवर हातभर अंतराने सुतळीचे तुकडे ठेवून ते ओलांडत चालल्याने पावले सारखी पडू लागतात. दिवसातून एकदा अर्धा तास चालण्यापेक्षा दहा-दहा मिनिटे तीनदा चालणे हितावह आहे, कारण थकलेले पाऊल अधिक घासते.

काठी दुर्बळ पायाच्या विरुद्ध हातात धरावी. जिन्याने चढताना सशक्त पाय आधी वर ठेवावा, उतरताना दुर्बळ पाय आधी खाली ठेवावा, आणि कठडा सोडू नये.

पडण्याचे प्रसंग रस्त्यापेक्षा घरातच अधिक ओढवतात. ओले न्हाणीघर, सरकणारे पायपुसणे, गालिच्याची उचललेली कड, उंच उंबरठा आणि रात्रीचा अंधार ही त्यांची ठिकाणे. नऊवारी असो वा सहावारी, निऱ्या घोट्याच्या वर राहतील अशा बेताने नेसाव्यात. लुंगी व धोतरासही हेच लागू आहे. भारतीय पद्धतीच्या शौचालयात फार वेळ बसू नये. उंच आसनाची सोय करणे शक्य असल्यास करावी.

दुचाकी चालवणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. मोटारसायकलचा गिअर डाव्या पावलाने वर उचलावा लागतो आणि मागचा ब्रेक उजव्या पावलाने दाबावा लागतो. पाऊल कोणतेही असो, अडचण येतेच. मोटारगाडीत उजवे पाऊल दुर्बळ असल्यास पेडल बदलण्यास वेळ लागतो. डॉक्टरांची अनुमती मिळेपर्यंत वाहन हाती घेऊ नये.

पट्टी आणि पादत्राणे

पाऊल काटकोनात धरून ठेवणाऱ्या पट्टीस 'ए.एफ.ओ.' म्हणतात. पोटरीमागून तळव्याखाली येणारी ही हलक्या प्लास्टिकची पट्टी बुटात बसते आणि घातल्या क्षणापासून चाल सुधारते. पट्टीमुळे स्नायू आळशी होतील, या भीतीने ती टाळणारे अनेक आहेत. व्यायामाच्या वेळी काढली आणि चालताना घातली, तर ही भीती निराधार आहे. पडून खुबा मोडण्यापेक्षा पट्टी केव्हाही बरी.

खरी अडचण वेगळीच आहे. आपल्याकडे घरात, देवळात पादत्राणे घालत नाहीत, आणि बुटाविना पट्टी घसरते. म्हणजे जेथे पडण्याचा धोका सर्वाधिक, तेथेच रुग्ण पट्टीविना वावरतो. यावर उपाय म्हणजे घरात वापरण्यासाठी मागे पट्टा असलेली सँडल वेगळी ठेवणे, किंवा घोट्याभोवती बांधून चवडा वर ओढून धरणारा लवचिक पट्टा तंत्रज्ञाकडून करून घेणे. नुसत्या अंगठ्याच्या चपला दोन्ही ठिकाणी टाळाव्यात.

पट्टी काढल्यावर त्वचेवर उमटलेला लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही, तर ती तेथे टोचत आहे. पट्टीचा आकार दुरुस्त करून घेईपर्यंत ती वापरू नये. कुष्ठरोग किंवा मधुमेहामुळे तळवा बधिर असेल तर रोज रात्री तळव्याखाली आरसा धरून जखम, फोड, खुपलेला काटा पाहावा. कुष्ठरुग्णांना राष्ट्रीय कार्यक्रमातून मऊ रबरी तळव्याच्या 'एम.सी.आर.' चपला विनामूल्य दिल्या जातात.

मुंबईत हाजी अली येथे १९५५ मध्ये स्थापन झालेली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था, तसेच वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतील पुनर्वसन विभाग अशा पट्ट्या मापाप्रमाणे तयार करून देतात. केंद्र सरकारच्या 'एडिप' योजनेखाली अल्प उत्पन्न गटातील दिव्यांगांना कानपूरच्या 'एलिम्को' या सरकारी उपक्रमाची साधने मिळू शकतात.

विजेचे स्पंदन देऊन पाऊल उचलणारी यंत्रेही उपलब्ध आहेत. ही कल्पना १९६१ मध्ये प्रथम मांडली गेली. पक्षाघाताच्या रुग्णात ती उपयोगी पडतात, कारण तेथे पायातील मज्जातंतू शाबूत असतो. मज्जातंतूच तुटलेला असेल तर अशा यंत्राने चाल सुधारत नाही. हा भेद न सांगता महागडी यंत्रे विकली जातात, तेव्हा खरेदीपूर्वी डॉक्टरांना विचारावे.

शक्ती परत न आल्यास

तीन ते सहा महिन्यांत स्नायूत कोणतीही चाहूल लागली नाही, तर मज्जातंतू मोकळा करणे किंवा सांधणे शक्य आहे का, याचा विचार शल्यचिकित्सक करतात. ती वेळ टळून गेली असली तरी मार्ग बंद होत नाही. पाऊल आत वळवणारा पोटरीतील खोल स्नायू बहुधा शाबूत असतो. त्याची कंडरा मूळ जागेवरून सोडवून पावलाच्या वरच्या बाजूस जोडली की तोच स्नायू पाऊल उचलू लागतो. कुष्ठरुग्णांच्या हातापायांवरील पुनर्रचना शस्त्रक्रियांना वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस चालना दिली. कंडरेची दोन टोके करून ती पावलावर दोन ठिकाणी जोडण्याच्या पद्धतीविषयी डॉ. एच. श्रीनिवासन व सहकाऱ्यांचा निबंध १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. कुष्ठरोगामुळे आलेल्या विकृतीवरील शस्त्रक्रिया राष्ट्रीय कार्यक्रमात विनामूल्य केली जाते.

या शस्त्रक्रियेची तयारी घरीच होते. टाचेमागची कंडरा आखडलेली असेल तर तीही कापून लांबवावी लागते, म्हणून ताणाचा व्यायाम शस्त्रक्रियेच्या दिवसापर्यंत चालू ठेवावा. शिवाय जो स्नायू बदलीवर जाणार, त्याला एकट्याने काम करण्यास शिकवावे लागते. त्यासाठी खुर्चीत बसून दुर्बळ पायाचा घोटा दुसऱ्या मांडीवर ठेवावा आणि तळवा छताकडे वळवावा. रोज तीस-चाळीस वेळा हे करणाऱ्या रुग्णास प्लास्टर निघाल्यावर स्नायू लवकर सापडतो. प्लास्टर साधारण चार ते सहा आठवडे असते. ते काढल्यावर फिजिओथेरपिस्ट रुग्णाला 'पाऊल वर उचल' असे प्रथम सांगत नाही, 'पूर्वीसारखे आत वळव' असे सांगतो. आणि पाऊल आत वळण्याऐवजी वर येते. पुढील काही आठवडे आधी बसून, मग उभे राहून, मग दोन काठ्यांच्या आधाराने हीच हालचाल घोटवली जाते. त्या काळात टाचेमागचा ताण मात्र पूर्णपणे वर्ज्य असतो, कारण जोरात खाली ओढल्यास किंवा ताणल्यास नवी जोडणी सैल पडू शकते. पोटरीचा ताण केव्हा पुन्हा सुरू करायचा, हे शस्त्रक्रिया करणारे डॉक्टरच ठरवतात.